काय उतरवायचं होतं

जानेफळच्या दवाखान्यात डॉक्टरनं कडूबाला तपासलं, तेव्हा पोर नुकतं वर्षाचं झालेलं. डॉक्टर पुण्याकडचा. म्हणाला, "खालच्या पिशवीच्या दोन्ही बाजू रिकाम्या आहेत. आईच्या पोटात असतानाच गोळ्या वरून खाली येतात, याच्या वाटेतच थांबल्यात. आता आपोआप येतील असं वाटत नाही. खामगावला नेऊन उतरवाव्या लागतील. तशाच राहिल्या तर पुढे हा बाप होणं कठीण." वच्छलानं मान खाली घातली. आंघोळ घालताना तिच्या हाताला ते केव्हाच कळलं होतं, पण असलं बोलायचं कुणाशी?

बाहेर सासू सोजराबाई वाट पाहत बसलेली. "काय म्हने डॉक्टर?"

"उतरलं नाही म्हंते, आत्याबाई. उतरवा लागते म्हंते."

"पाह्य बरं, डॉक्टरलेबी नजर दिसली."

झालं! नजर लागू नये म्हणून नातवाचं नाव मुद्दाम कडूबा ठेवणारी बाई ती, तिला दुसरं काय ऐकू येणार? त्या शनिवारपासून मीठ, मोहरी, लाल मिरच्या पोरावरून ओवाळून चुलीत पडू लागल्या. ठसका आला नाही की म्हातारी म्हणायची, नजर जबर आहे. आला की म्हणायची, चला, उतरली. वच्छला तोंड उघडायची आणि मिटायची. सासूपुढं तो शब्द काढायचा म्हणजे मरणच की. नवऱ्याला सांगितलं, तर पंजाबराव कानापर्यंत लाल झाला. "मायले म्या सांगू? तूच सांग." भला गडी! एरवी शेतातल्या नागालाही भीत नसे.

असं करता करता पोरगं चार वर्षांचं झालं. अंगणात उघडंनागडं हुंदडताना त्याला पाहिलं, की वच्छला चड्डी घेऊन त्याच्यामागं धावायची. एका शनिवारी घरभर ठसका भरलेला. खोकता खोकताच ती बोलून गेली, "आत्याबाई, नजर नाही लागली. पोराच्या गोट्या उतरल्या नाहीत."

"खेळाच्या?"

"नाही."

सोजराबाईच्या मुठीतलं मीठ मुठीतच राहिलं. आता काही आपली धडगत नाही, असं वच्छलाला वाटलं.

"म्या इतके दिवस मिरच्या जाळून राह्यली," म्हातारी हळूच म्हणाली, "अन् तू सांगतलं नाही. काऊन वं? म्या काय लेकरं जन्माले नाही घातले?" मग ओसरीकडं तोंड करून, "पंजाब, सकाळच्या मोटरनं खामगावले जानं हाय."

खामगावच्या दवाखान्यात तिनं कुणाची भीड ठेवली नाही. कशासाठी आलात, असं शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं, तर सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगितलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही जागेवर आणल्या, आजी. आता वयात येऊ द्या, मग कळेल." म्हातारीनं पदराची गाठ सोडली, डॉक्टरांना स्टुलावर बसवलं आणि मीठ-मिरच्या त्यांच्यावरून ओवाळल्या. "इतक्या लेकरायचं भलं करता बाप्पा, तुमाले कोनाची नजर न लागो." तिथं चूल कुठली? गाठ बांधून तिनं ते घरी आणलं आणि आपल्या चुलीत टाकलं.

पुढं सोजराबाईचे डोळे गेले. कडूबा साखरखेर्ड्याला मामाकडं शिकायला राहिला. दिवाळीच्या सुट्टीत दारात कुणीतरी म्हणालं, "आजी, पानी दे." आवाज फाटका, घोगरा.

"कोन हाय बे?"

"मी वं. कडूबा."

म्हातारीनं हात लांब केला. बोटं त्याच्या ओठावर फिरली, तिथं कोवळी लव लागली. तिला रडू आवरेना. "वच्छले, मीठ आन. मिरच्या आन."

वच्छलानं आणलं आणि पोराला पुढं सारलं.

"तो राहू दे," म्हातारी म्हणाली. "तू बस. त्या दिवशी तू बोलली म्हून हे ऐकू आलं मले."

वच्छला तिच्यापुढं बसली.