चिठ्ठीशिवाय बूट

धम्मपालचं पत्र आलं त्याला नऊ वर्षं झाली. मी उत्तर दिलं नाही. पत्र हरवलं असतं तर निदान एक सबब मिळाली असती. पण मी जन्मभर शाळेच्या ग्रंथालयात काम केलेला माणूस, कागद हरवणं मला जमत नाही. शब्दकोशात ठेवलेलं ते पत्र तिथेच राहिलं.

तो डोंगरगडला रेल्वेत ट्रॅकमन होता. त्यानं लिहिलं होतं, ‘सर, जय भीम. ड्युटी झाली की इथल्या पोरायले फुटबॉल शिकवून राहिलो. आपल्या शाळेचाच नियम ठेवला. शनिवारी सेवा, मग रविवारी मॅच. पण एक अडचण आली. एक पोरगा शनिवारी आलाच नाही. रस्त्यात कोणी बाई पडली होती, तिले दवाखान्यात घेऊन गेलो म्हणते. चिठ्ठी नाही त्याच्यापाशी. बाकीचे म्हणते, नियम म्हणजे नियम. त्याले बूट द्यावे का? तुम्ही सांगान तसं करतो.’

हा प्रश्न त्यानं सहज विचारला होता की मला टोचायला, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही कळत नाही.

आमची शाळा जेसुइट फादरांची, फक्त मुलांची. फुटबॉलचं वेड मोठं, पण फादर तिर्की यांनी एक नियम घालून दिला होता. संघातल्या प्रत्येक मुलानं शनिवारी दुपारी कुठेतरी सेवेला जायचं. कुणी वृद्धाश्रमात, कुणी रुआबांध्याच्या वस्तीत बायांना अक्षरं शिकवायला. तिथून सहीची चिठ्ठी आणायची. संघाचे बूट ग्रंथालयातल्या एका कपाटात कुलूप लावून ठेवलेले असत आणि किल्ली माझ्याकडे. चिठ्ठी दिली तर बूट मिळणार, नाहीतर रविवारी खेळायचं नाही.

“सर, पुस्तकायले पायाचा वास येऊन राहिला,” मुलं म्हणायची.

“पुस्तकं तक्रार करत नाही. तुम्ही कावून करता?” मी म्हणायचो. मुलांशी मी एवढंच बोलू शकत असे. बाकी वेळ मान खाली.

धम्मपाल गोलकीपर होता. त्याचे वडील इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये, मूळचे भंडाऱ्याकडचे, आमच्यासारखेच या हिंदी मुलखात आलेले. स्टाफरूममध्ये माझ्याबद्दल कुजबुज व्हायची की देवराव आपल्या माणसाला सांभाळून घेतो. म्हणून मी त्याच्याशी जरा जास्तच कडक वागत असे. त्याची चिठ्ठी उलटीसुलटी करून दोनदा बघायचो. तो हसायचा.

शनिवारी तो रुआबांध्याला शिकवायला यायचा आणि त्याच्या वर्गात बसायची माझी बायको, हिरा. आम्ही तिथेच राहत होतो. घरात इतकी पुस्तकं असून मी तिला कधी शिकवलं नाही. एकदा प्रयत्न केला आणि चिडलो. धम्मपाल चिडत नसे. “काकू, ‘ळ’ले घाबरता काय? तो काय चावते?” असं म्हणायचा, ती घरी येऊन मला सांगायची.

फायनलच्या आदल्या शनिवारी वर्गाला जाताना हिरा बोअरिंगच्या हातपंपाजवळ चक्कर येऊन पडली. धम्मपाल सायकलवरून येत होता. त्यानं सायकल तिथेच टाकली, ऑटो थांबवला, तिला दवाखान्यात नेलं, स्ट्रेचर मिळेना तर उचलून वर नेलं. संध्याकाळी मी पोचलो तेव्हा तो बाकावर बसून होता. “शुगर एकदम कमी झाली म्हणे. आता बोलून राहिल्या काकू,” म्हणाला आणि सायकल शोधायला गेला. वर्गात तो पोचलाच नव्हता. चिठ्ठी कुठून आणणार?

रविवारी सकाळी कपाटापाशी मुलांची रांग होती. फादर स्वतः दारात उभे, गळ्यात शिट्टी.

“धम्मपाल, चिट्ठी?”

“नहीं है, फादर.”

“क्यों?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण मला वाटलं, हे सगळे म्हणतील, आपल्या जातीच्या पोरासाठी बायकोचं आजारपण पुढे केलं.

“कल नहीं जा सका,” तो म्हणाला.

फादर माझ्याकडे वळले. “देवराव सर, आपको कुछ मालूम है?”

“नहीं, फादर,” मी म्हणालो.

मी कपाटाला कुलूप लावलं. आत एकच जोड राहिला होता. धम्मपाल त्या मॅचभर रेषेबाहेर उभा राहून इतरांना पाणी देत होता. आम्ही एका गोलनं हरलो. मला फुटबॉल कळत नाही, त्यामुळे तो गोल त्यानं अडवला असता का, हे मी सांगू शकत नाही. पुढच्या शनिवारी त्यानं चिठ्ठी आणली, नेहमीसारखी माझ्या टेबलावर ठेवली. मी ती दोनदा बघितली नाही. त्या वर्षी शाळा सोडून तो गेला.

हिरा चार दिवसांनी दवाखान्यातून घरी आली. “पोरगं जिंकलं ना?” तिनं पहिलं हेच विचारलं. मी सगळं सांगितलं. तिनं मला वाढून दिलं आणि स्वतःचं ताट घेऊन बाहेर ओट्यावर जेवायला बसली.

पत्र आल्यापासून मात्र ती विचारत राहिली.

“त्याले लिहिलं का?”

“लिहितो.”

“साऱ्या दुनियेचे पुस्तकं वाचले तुम्ही. चार ओळी लिहिनं नाही होत?”

गेल्या फेब्रुवारीत ती गेली. आता घरात हे विचारणारं कुणी नाही. दुपारी पोस्टमनची गाडी वाजली की मी अजून उत्तराची तयारी करतो. “लिहितो” म्हणायला तोंड उघडतं आणि मग आठवतं.

परवा नात खुशबू हिराची पेटी आवरत होती. “आजोबा, ये देखो, आजीनं कोणाले पत्र लिहिलं?”

पाकीट होतं. तिकीट चिकटवलेलं, आत काही नाही. वर धम्मपालचं नाव आणि डोंगरगडचा पत्ता, प्रत्येक अक्षर वेगळं, शिरोरेघा एकमेकींना न भेटलेल्या. ‘धम्मपाल’मधला ‘ल’ खोडून पुन्हा काढलेला. शब्दकोशातून त्याचं पत्र काढून तिनं कधीतरी पत्ता उतरवून ठेवला होता. मी लिहिणार, यावर तिचा तेवढा विश्वास होता.

“नंबर ढूँढ दूँ? फेसबुक पे मिल जाएँगे,” खुशबू म्हणाली.

“नको, बाई. पाकीट तयार आहे.”

पहिल्या खेपेला चार पानं झाली. सेवा म्हणजे काय, नियम कशासाठी, सगळं. वाचून पाहिलं तर त्यात मी कुठेच नव्हतो. फाडली. शेवटी एवढंच राहिलं :

‘प्रिय धम्मपाल, जय भीम. बूट द्यावेत. तो मुलगा आता मोठा झाला असेल, तरी त्याला सांग. त्या रविवारी फादरांनी विचारलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. लोक काय म्हणतील म्हणून मी खोटं बोललो. तुझे बूट मी अडवले. तू गप्प राहिलास, ते मी विसरलो नाही. तुझी काकू फेब्रुवारीत गेली. पाकिटावरचं अक्षर तिचं आहे. अजून रविवारी मॅच असते का? असली तर मला येऊन बघायची आहे. तुझा, देवराव.’

तो अजून त्याच पत्त्यावर असेल का, रेल्वेवाल्यांच्या तर बदल्या होतात, असं मनात येत होतं. नेहमी असंच काहीतरी मनात येतं आणि मी थांबतो. आज सकाळी खुशबूच्या स्कूटरवर मागे बसून सेक्टर सहाच्या पोस्टात गेलो. पाकीट टपालपेटीच्या फटीत अर्धं सरकवलं. वरचं नाव एकदा वाचलं, ‘ल’पर्यंत. मग सोडलं.