भाड्याच्या घरातला भोंगा

घराच्या छताला उलटा चिकटवतात ना, तो भोंगा बोलतोय मी. लोक अलार्म म्हणतात. म्हणोत. मला शाळा नाही, गोड बोलणं कुणी शिकवलं नाही. दोनच गोष्टी येतात. धूर झाला की तीन शिट्ट्या आणि विषारी वायू साठला की चार. त्या वायूला रंग नाही, वास नाही. माणसाच्या नाकाला कळत नाही, म्हणून तर मला जन्माला घातलं.

२००१ साली कारखान्यातून निघालो आणि मिशिगनमधल्या ट्रॉय गावात आलो. परीक्षित नावाच्या पुण्याच्या माणसाने मला विकत घेतलं. स्वतःचं राहतं घर असताना त्याने आणखी एक लहानसं विटांचं घर घेतलं होतं, भाड्याने द्यायला. "इन्व्हेस्टमेंट आहे, म्हातारपणी हे घर आपल्याला सांभाळेल," असं म्हणत त्याने मला स्वयंपाकघराबाहेर छताला बसवलं.

"आणि तोवर घराला कोण सांभाळणार?" त्याच्या बायकोने, पद्मिनीने, स्टूल धरत विचारलं. साहेब स्क्रू पिळत राहिले.

पहिला भाडेकरू एक गोरा म्हातारा. माझ्यासारखाच खडूस. नळ ठिबकला की फोन, दार करकरलं की फोन. बेसमेंटमध्ये घर तापवणारी गॅसची फर्नेस होती. थंडीआधी ती साफ झाली नाही तर परीक्षितचं डोकं खायचा. दर महिन्याला काठीने माझं बटण दाबून बघायचा. परीक्षित जाताना पुटपुटायचा, "काय कटकट आहे यार!" पण सगळं करून द्यायचा. चार वर्षं घर ठणठणीत होतं.

२००५ मध्ये म्हातारा लेकीकडे गेला आणि नागपूरचा उल्हास आला. बरोबर बायको रेणू आणि दोन वर्षांची केया. परीक्षितची त्यांच्याशी ओळख मंडळाच्या गणपतीत झालेली. परीक्षित खूश. "आपली माणसं आहेत. आता टेन्शन नाही."

तिथेच माती खाल्ली.

रेणूने पहिल्याच दिवशी ठेच्याच्या मिरच्या तव्यावर टाकल्या. मी तीन शिट्ट्या मारल्या, माझं कामच ते. उल्हास टॉवेल हलवत धावला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी गडी स्टुलावर चढला, माझं झाकण उघडलं आणि पोटातले सेल काढून घेतले. "जेवू देत नाही बे हा!" मग परत घालू, म्हणाला. कसले घालतो! मला दिसायचं, ऐकू यायचं, पण ओरडायची सोय राहिली नाही.

मालकाने येऊन बघायला नको? यायचा ना, सारखा यायचा. पण पाहुणा म्हणून. रेणू जेवल्याशिवाय सोडायची नाही. ज्याच्या ताटातली बासुंदी खाल्ली त्याला "जरा बेसमेंट बघू दे" कसं म्हणायचं? आणि ज्याला आपण वाढलं त्याच्याकडे तक्रार कशी करायची? एकाला भीड, दुसऱ्याला भीड. तीन हिवाळे गेले, फर्नेसला कुणी हात लावला नाही.

२००८ च्या जानेवारीत फर्नेस खोकायला लागली.

"अहो, परीक्षितदादांना सांगा ना," रेणू म्हणाली. "खाली कसलेतरी आवाज येतात."

"अगं, परवाच त्यांनी केयाला सायकल आणली. लगेच तक्रार करायची? बरं दिसतं का? थंडी संपली की सांगू."

थंडी संपली की फर्नेसचं सांगणार! शहाणाच. त्यात बाहेरचा गारवा येऊ नये म्हणून खिडक्यांना प्लास्टिक चिकटवलेलं. आतली हवा आतच.

संक्रांतीनंतरच्या रविवारी दुपारी हळदीकुंकू ठेवलं. सात-आठ बायका जमल्या. पद्मिनी आली, तिच्याबरोबर परीक्षित आला. केया सकाळपासून सोफ्यावर पडून होती.

"आई, माय हेड हर्ट्स."

"काही खाल्लं नाहीस ना, म्हणून," रेणू म्हणाली आणि स्वतःचंच कपाळ चोळत गुळाच्या पोळ्यांकडे वळली. थोड्या वेळाने पद्मिनी म्हणाली, "माझंही डोकं जड झालंय गं."

परीक्षितने वर बघितलं. माझं झाकण लोंबत होतं.

"उल्हास, ह्यातले सेल कुठायत?"

"अहो दादा, तो प्रत्येक फोडणीला ओरडतो."

पद्मिनीने नवऱ्याला कोपर मारलं. "हळदीकुंकवाला आलोय आपण, इन्स्पेक्शनला नाही."

त्याने मान खाली घातली आणि ताटली उचलली. मी मनात म्हटलं, पोर गेली.

तेवढ्यात रेणूने हाक मारली, "केया, तिळगूळ घे." पोर उठेना. हलवलं तर मान एका बाजूला कलली, डोळे अर्धे मिटलेले. परीक्षितने ताटली टाकली, धावत बाहेर गेला, गाडीतल्या टॉर्चचे सेल आणून माझ्या पोटात घातले.

माझी रीत अशी, आधी हवा हुंगायची, खात्री करायची, मग ओरडायचं. एक मिनिट गेलं. दोन गेली. तिकडे रेणू लेकीच्या तोंडावर पाणी मारत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या रीतीचा राग आला.

"बघा दादा, गप्प आहे तो," उल्हास म्हणाला. "ताप असेल तिला."

आणि मी ओरडलो.

"पोळ्यांचा धूर आहे हो!" उल्हास स्टुलावर चढला, त्याचा हात माझ्या झाकणावर आला. परीक्षित खाली उभा राहून शिट्ट्या मोजत होता. तीन. मग चौथी.

"उल्हास, हात खाली घे! घर माझं आहे. सगळ्यांनी बाहेर व्हा, आत्ता!"

तीन वर्षांत तो पहिल्यांदा मालकासारखा बोलला. केयाला त्यानेच उचललं. जरीच्या साड्या नेसलेल्या बायका अनवाणी बर्फात पळाल्या. बंबवाले आले, हवा मोजली, फर्नेसमधून विषारी वायू घरात येत होता म्हणून तिचा गॅस बंद केला. अर्धा तास उशीर झाला असता तर पोर हाती लागली नसती, असं म्हणाले.

केया दोन दिवस दवाखान्यात होती. तिसऱ्या दिवशी घरी आली आणि सायकल मागितली. उल्हास दारात उभा राहून रडला. "दादा, मी फोन करायला हवा होता."

"मी विचारायला हवं होतं," परीक्षित म्हणाला. "माझी माणसं म्हणत राहिलो आणि तुम्हाला वाऱ्यावर सोडलं."

आता नवी फर्नेस बसली. माझंही वय झालं, सात वर्षांच्या वर आम्हाला नीट हुंगता येत नाही. छतावर नवा भोंगा आलाय, मी गॅरेजमध्ये खोक्यात पडलोय, कचऱ्याच्या गाडीची वाट बघत. जायच्या आधी एक सांगतो. घर भाड्याने द्या, घ्या, मला काय! पण मालकाने बेसमेंटमध्ये उतरावं, भाडेकरूने तोंड उघडावं आणि आम्हा भोंग्यांच्या पोटातले सेल काढू नयेत. पोळ्या करताना खिडकी उघडा की!

भिंतीपलीकडे रेणू फोनवर बोलतेय.

"परीक्षितदादा, गीझरमधून पाणी गळतंय. हो, आजच या. आधी काम, चहा नंतर."