एक टक्क्याचा जावई

जावईबापूंची इच्छा एवढीच होती की सासऱ्यांच्या दारावर आपलंही नाव लागावं. लग्न झाल्यापासून ते त्याच घरात राहत होते, तरी त्यांच्या नावाची पार्सलं ‘असं कोणी इथे राहत नाही’ असा शेरा घेऊन परत जात. शेजारीण अजून विचारायची, “काय पाहुणे, अजून मुक्काम आहे वाटतं?”

दाराला नवा रंग देताना जुनी पाटी तडकली आणि सासऱ्यांनी जावईबापूंनाच बोलावलं. कारण ते एका क्रीमच्या कारखान्यात लेबलं तपासत. डबीच्या पाठीवर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत जी घटकांची यादी असते, आणि जी वाचण्यासाठी कोणी जन्माला आलेलं नाही, ती ते रोज भिंगाखाली धरून वाचत.

“पाटीचा मजकूर तुम्हीच करा,” सासरे म्हणाले. “तुमच्याकडे नावं कशी लावतात?”

“प्रमाणाने, बाबा. जो घटक सगळ्यात जास्त, तो पहिला. मग उतरत्या क्रमाने.”

सासऱ्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. या घरात आपल्याहून जास्त कोण? “वा! शास्त्रशुद्ध. तस्संच लावा. लबाडी नको.”

शहाण्या माणसाने इथे मान डोलावून वयाप्रमाणे नावं लावली असती. पण लेबलवाल्याला खरं लिहायला सांगणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. जावईबापू आठवडाभर घर जोखत राहिले. कोण किती जागा अडवतो, किती वेळ असतो, किती ऐकू येतो. रविवारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर कागद ठेवला.

पहिलं नाव मामांचं.

मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. दात दाखवायला म्हणून आले होते. दात पडला, दाताचा डॉक्टर निवृत्त झाला, मामा बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर होते तिथेच.

“हा पहिला?” सासरे कडाडले. “हा करतो काय?”

“काही नाही. पण कुठलंही क्रीम घ्या बाबा, बहुतेक वेळा पहिलं पाणीच असतं. मामा पाणी आहेत.”

“इतकी वर्षं मला कोणी ओळखलंच नाही, भाऊजी,” मामा कूस न बदलता म्हणाले.

“आणि मी?”

“दुसरे. तेल.” जावईबापूंनी घाईने जोडलं, “चांगलं दाट तेल. त्वचेला मऊपणा तेलाचाच. पाणी काय, उडून जातं.”

“हा उडत नाही, हीच तर पीडा आहे!”

सासूबाई हात पुसत आल्या. “माझं काय काढलंय?”

“तुम्ही प्रिझर्व्हेटिव्ह, आई. लोक नाकं मुरडतात, ‘ते नसलेलं द्या’ म्हणतात. पण ते नसलं की पाण्याच्या डबीत बुरशी.”

“ऐका!” सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या. “मी बहिणीकडे राहायला गेले तेव्हा आलीच होती. भांड्यांना.”

“आणि मी रे?” बायकोने विचारलं.

“इमल्सिफायर. तेल आणि पाणी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. दोघांना एका डबीत नांदवायचं काम त्याचं.”

बायकोने आधी वडिलांकडे, मग मामांकडे पाहिलं. “सुट्टी मिळते का त्याला कधी?”

सासरे कागद खालीवर करत होते. “तुम्ही कुठे दिसत नाही, जावईबापू.”

“तळाशी आहे.” जावईबापूंनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. “सकाळी जातो, संध्याकाळी येतो, कोपऱ्यात बसतो. झोपेचे तास धरले नाहीत, डबीतली हवा कोणी मोजत नाही. मी एक टक्क्याच्या खाली येतो. तिथे क्रमाचं बंधन नाही, कोणालाही आधी लावा.”

“मग खिडकीतल्या मनीप्लांटच्या नंतर लावू,” सासरे प्रसन्नपणे म्हणाले.

जावईबापूंनी आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता. बायको मात्र उठली आणि आपली क्रीमची डबी आणून वडिलांपुढे आपटली.

“पुढून वाचा.”

“गुलाब क्रीम.” वर कोबीएवढा गुलाब होता.

“आता मागून. गुलाब शोधा.”

सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा उतरवला. गुलाब शेवटून दुसरा निघाला.

“एवढासा? मग नाव त्याचं कसं?”

“रीतच आहे,” जावईबापू बोलून गेले. “जो नावापुरता, त्याचंच बऱ्याचदा पुढे नाव. ‘पाणी क्रीम’ म्हणून कोण विकत घेईल?”

“आणि मामाचं नाव वाचून आपलं दार कोण वाजवेल?” बायको म्हणाली. “पुढे तुमच्या जावयाचं नाव लावा, यादी मागे.”

सासरे विचारात पडले. ‘शास्त्रशुद्ध’ हा स्वतःचाच शब्द आता मोडता येत नव्हता. “ही यादी पाटीच्या मागच्या बाजूला? म्हणजे दाराला चिकटलेली? हा पहिला आहे हे कोणाला दिसणार नाही?”

“लेबल वाचतं कोण, बाबा!”

“मग लावा.”

पाटी लागली. पुढे जावईबापूंचं नाव टपोऱ्या अक्षरांत, बाजूला हिरवं पान, पानावर दवाचा थेंब. पार्सलं यायला लागली. शेजारीण ‘साहेब’ म्हणू लागली. कोणी त्यांना भेटायला आलं की सासरे दार उघडून अभिमानाने सांगत, “नाव त्यांचंच आहे. आत मात्र सापडायचे नाहीत.”

जावईबापूंना जोर चढला. पहिल्याच सुट्टीला ते खिडकीजवळच्या खुर्चीत ऐसपैस बसले, पेपर पसरला, एक विनोद सांगितला आणि स्वतःच मोठ्याने हसले.

सासऱ्यांनी मान वाकडी करून त्यांना नीट जोखलं. “जावईबापू, दोन टक्के झालात.”

जावईबापूंनी पसरलेले पाय आखडते घेतले.

“पाहा बुवा. आणखी वाढलात तर पाटीवर दुसरं कोणी शोधावं लागेल. मनीप्लांट आहेच.”

जावईबापूंनी पेपरची घडी केली, चपला घातल्या आणि दार हळूच ओढून घेतलं. जिन्यात उभे राहून ते रुमालाने आपलं नाव पुसू लागले, एकेक अक्षर, अगदी कानाकोपऱ्यातून. शेजारीण पिशवी घेऊन वर आली.

“साहेब, बाहेरच का उभे? आत नाही जायचं?”

“छे!” साहेब म्हणाले. “घर आमचंच आहे.”

आणि संध्याकाळ होईपर्यंत ते कौतुकाने तिथेच उभे राहिले.