तेलाचा हात

“एकच पाय कसा गं दुखतो? दुसऱ्याला काय सुट्टी दिलीय?” एल्सा उशीत तोंड खुपसून पुटपुटली.

“दुखणारच. सिझर झालंय, नाचून नाय आलीस,” म्हणत ॲलिसने लेकीचा गाऊन गुडघ्यापर्यंत सरकवला आणि कोमट तेल तळहातावर घेतलं.

डावी पोटरी उजवीपेक्षा चांगलीच फुगली होती. कातडी तुकतुकीत, आणि तेलापेक्षाही गरम. ॲलिसचा हात क्षणभर थबकला. मग तिने अंगठा रोवला, तशी एल्सा कळवळली.

अख्ख्या पाली गावात ॲलिसच्या हाताला मान होता. तिच्याकडची बाळंतीण चाळीस दिवस खाटेवरून उतरत नसे, आणि पोट सुटू नये म्हणून पाणीही घोटाघोटाने. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रोज चालवा, पाणी भरपूर द्या. ‘तिला काय, ती बाळंत झालीय कधी?’ म्हणून ॲलिसने ते उंबऱ्याबाहेरच ठेवलं.

थोरल्या लेकीच्या, रेचलच्या बाळंतपणातही तिने काही कमी केलं नव्हतं. शेवटच्या दिवशी तर पोरीचा सुजलेला पाय दुपारभर चोळला होता. संध्याकाळी रेचल उठून बसली, तिला धाप लागली, आणि दवाखान्यात पोचेतो संपलीही. देवाने नेली, एवढंच मग घरात बोललं जाई.

एल्साचं बाळंतपण सुरू झाल्यापासून तेलाची वाटी गॅसवर चढली की ॲलिसचा नवरा गॅब्रियल बंदराकडे निघून जायचा. बायकांच्या खोलीत बाप्याचं काय काम, म्हणून ॲलिसनेही कधी विचारलं नाही. आज मात्र तो पायात चपला अडकवून दारातच उभा राहिला.

“कुठला पाय?” त्याने विचारलं.

“डावा, डॅडी. कालपासून.”

“रिक्षा आणतो. भाईंदरला जाऊ, मोठ्या दवाखान्यात.”

“या उन्हात? कच्ची बाळंतीण हाय ती,” ॲलिस म्हणाली. “वारा लागंल. जरा चोळते, उतरंल सूज.” तिने पुन्हा वाटीत बोटं बुडवली.

गॅब्रियल आत आला, चपलांसकट. त्याने तिचं मनगट धरलं. तेलाने ते निसटलं, तसं दोन्ही हातांनी धरलं.

“हात काढ, ॲलिस.”

“अरे, पण—”

“रेचलच्या येळी डॉक्टरने मला बाहेर बोलावलेलं.” तो भिंतीवरच्या तिच्या फोटोकडे बघत होता. “पायात रक्ताची गाठ झालेली, ती छातीत गेली, बोलला. मग इचारलं, सुजलेला पाय कुणी चोळला काय.”

खाटेवर एल्सा हळूच उठून बसायला लागली. त्याने मान हलवून तिला थांबवलं, पण ॲलिसचे हात सोडले नाहीत.

“मी ‘न्हाय’ बोललो.”