न पाहता केलेली नोंद

नारळावर चढलेल्या माणसाच्या बोटाला काहीतरी चावलं होतं आणि त्याच्या पोटऱ्यांत गोळे येत होते. "कोळीच होता, अम्मा," तो शपथेवर सांगत होता.

"पाहिलात?" वासुकीने विचारलं. त्याने पाहिला नव्हता. म्हणजे ही केस तिच्या कोळीदंशाच्या अभ्यासात बसणार नव्हती. गळू, फोड, मुंगीचा चावा, लोक सगळं कोळ्याच्या नावावर घालतात. म्हणून पीएच.डी.च्या दिवसांत तिने आणि सोबत संशोधन करणाऱ्या प्रवीणकुमारने नियमच केला होता: कोळी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नोंद नाही.

पापनाशमच्या दवाखान्यातून ती बस स्टॉपवर आली, तोच तंजावूरहून चंद्रमती अत्याचा फोन.

"वासु, तुझी ती गेली गं. पाय वर करून उताणी पडलीय. अय्यो, मी डोक्यावरून न्हालेसुद्धा!"

"हात नाही ना लावलास?"

"जिवंत होती तेव्हा लावला नाही, आता लावू?"

ती म्हणजे घरातल्या काचेच्या पेटीतली टॅरँटुला, तळहाताएवढ्या केसाळ कोळ्याची मादी. प्रवीणने ती इथल्याच एका नारळाच्या ढोलीतून काढली होती, विषाच्या अभ्यासासाठी. पुढे तो ब्रिस्बेनला गेला आणि तिथलाच झाला. मादी मात्र वर्षानुवर्षं जगते. मधूनच त्याचा मेसेज येई, 'कशी आहे?' वासुकी लिही, 'जिवंत आहे.' दोघांत बोलणं म्हणून एवढंच उरलं होतं, आणि ती त्या मेसेजची वाट पाहत असे.

बसमध्ये खिडकीशी बसून तिने लिहिलं, 'गेली.'

लगेच फोन वाजला. तिकडे गेल्यापासून त्याने कधी फोन केला नव्हता.

"खरंच?" तो म्हणाला. भाताच्या शेतांवरचं ऊन उतरलं होतं. "आता काय विचारणार मी तुला?" तो हसला, पण नीट हसू आलं नाही. "वासुकी, तू कशी आहेस?"

ती तोंड उघडणार तेवढ्यात कालव्याच्या पुलावर आवाज तुटला. घराजवळ उतरताना मेसेज आला: 'पुढच्या महिन्यात यावं म्हणतो. ती सापडली तो नारळ बघू.'

अत्याने पेटीवर केळीचं पान झाकून शेजारी दिवा लावला होता. वासुकीने पान उचललं. मेलेल्या कोळ्याचे पाय आत आखडतात, हे ती विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवायची. हिचे पाय पसरलेले होते. पाठीच्या कडेला फट पडली होती, आत ओलं, फिकट अंग.

"अत्या, दिवा लांब ने. कात टाकतेय ती."

"म्हणजे मेली नाही?"

"नाही."

"मग माझं न्हाणं फुकट!"

वासुकी फोन हातात धरून उभी राहिली. काही लिहिलं नसतं तर तो आला असता. तिने लिहिलं, 'जिवंत आहे. कात टाकतेय. मी न पाहता लिहिलं.'

उत्तर आलं, 'नियम कोणी केला होता, मॅडम?' पुढे हसरा चेहरा. येण्याबद्दल काही नाही.

पेटीत एक पाय जुन्या कातडीतून हळूहळू बाहेर सरकत होता. वासुकीने स्टूल ओढलं, बसली आणि लिहिलं, 'मी कशी आहे, ते येऊन पाहा.'

पाठवलं. मग फोन पालथा ठेवून ती दुसऱ्या पायाची वाट पाहू लागली.