हवेतला वस्तरा

बाबांचं सलून चालायचं ते निम्मं वस्तऱ्यावर आणि निम्मं जिभेवर. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की टकळी सुरू. पण तीही हिशेबानं. गोष्ट अशी रंगवायची की हसू फुटेल तेव्हा वस्तरा हवेत असला पाहिजे. गिऱ्हाईक हसून सैल झालं की मगच पातं गळ्याला लावायचं. लेकीला मात्र या तोंडाची लहानपणापासून लाज. आता ती बँकेत साहेब झाली होती, आणि तिच्याबरोबर लाजेलाही बढती मिळाली होती.

बाबांच्या घशात गाठ निघाली, कॅन्सरची. तुकडा काढून तपासणाऱ्या डॉक्टरांना बाबांनी बसक्या आवाजात ऐकवलं, की तुमचे केस ज्यानं कापले तो त्या दिवशी बायकोशी भांडून आला असणार. डॉक्टर पोट धरून हसले, लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोठ्या डॉक्टरांकडे जाताना तिनं दारातच बजावलं, "बाबा, आत अवाक्षर काढायचं नाही. काही विचारलं तर मी सांगेन."

मोठ्या डॉक्टरांनी सगळं उलगडून सांगितलं. स्वरयंत्र काढलं तर आवाज कायमचा जाईल. औषधं आणि रेडिएशन घेतलं तर तो बहुतेक राहील, पण कित्येक आठवडे रोजच्या खेपा, गिळताना हाल, आणि गुण नाही आला तर शेवटी ऑपरेशन आहेच. जगण्याची आशा दोन्हीकडे साधारण सारखीच. मग त्यांनी बाबांनाच विचारलं, आवाजावाचून तुमचं किती अडेल? बाबांनी लेकीकडे पाहिलं.

"ते तसे फारसे बोलत नाहीत," ती म्हणाली.

समोर म्हातारा मुका बसलेला. डॉक्टरांना पटलं. ऑपरेशनची तारीख ठरली.

दुकान किती दिवस बंद राहणार ते विचारायला ती दोन दिवसांनी सलूनमध्ये गेली. आत शांतता होती, इतकी की तिला वाटलं कोणी नाहीच. खुर्चीत जुनं गिऱ्हाईक होतं, निवृत्त पोस्टमन. बाबा तोंडाला कुलूप लावून दाढी करत होते. पोस्टमनची मान लाकडासारखी ताठ. वस्तरा हनुवटीखाली गेला आणि तो दचकला. साबणात लाल रेघ उमटली. बाबांनी तुरटी लावली, तीही न बोलता.

पोस्टमन गेल्यावर तिनं विचारलं, हे काय चाललंय?

"सवय करतोय," बाबा म्हणाले. "आणि तू डॉक्टरांना सांगून आलीस ना, मी बोलत नाही म्हणून. म्हटलं, तुझा शब्द खोटा पडायला नको."

एवढंच बोलून ते वस्तरा पुसू लागले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला तोंड वर करून भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन पुन्हा मोठ्या डॉक्टरांपुढे बसली. "मी खोटं सांगितलं होतं," ती खाली मान घालून म्हणाली. "हे दिवसभर बोलतात. मला त्याची लाज वाटायची. आता यांनाच विचारा."

डॉक्टरांनी खुर्ची बाबांकडे वळवली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. बाबांनी तोंड उघडलं. मग मिटलं. लेकीकडे झुकून त्यांनी हळूच विचारलं,

"बोलू का गं?"