सृष्टीची सवय

नांदेडात शरणप्पाच्या दुकानात विहिरींवरच्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी यायच्या आणि सुदर्शन त्यांच्यात नवी तांब्याची तार भरायचा. हात असा बसलेला, की पार हिमायतनगरपासून लोक त्याचं नाव विचारत यायचे. पुढं तेच हात सकाळी थरथरायला लागले आणि दुपारी पोटात दारू गेल्यावरच थांबायला लागले. बायको, दीपमाला, भांडली, रडली, अबोला धरून पाहिला, शेवटी सात वर्षांच्या सृष्टीला घेऊन माहेरी, लातूरजवळच्या मुरुडला निघून गेली. तो इतका प्यालेला होता की घर रिकामं आहे हे त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं.

त्यानंतर एकदा तो दुकानातच कोसळला. शरणप्पानं त्याला दवाखान्यात नेलं आणि सलाईन संपेपर्यंत उशाशी बसून राहिला. मग म्हणाला, "शनिवारी संध्याकाळी मी लवकर कुलूप लावून जातो. कुठं जातो ठाऊक हाय का?"

"भजनाला." दुकानात सगळे तसंच समजायचे.

"भजन कसलं. दारू सोडलेल्यांची बैठक असती. मी बी त्यातलाच हाय. तू चल."

"मी काय दारुडा हाय का मालक?"

शरणप्पानं सलाईनच्या बाटलीकडं नुसतं बोट दाखवलं. पुढच्या शनिवारी सुदर्शन त्याच्या गाडीवर मागं बसला.

बैठक एका शाळेच्या वर्गात भरायची. लेकरांच्या बाकांवर थोराड माणसं गुडघे दुमडून बसलेली. एक निवृत्त मास्तर होते, एक रिक्षावाला, कापडदुकानातला एक पोरगेला माणूस. कुणी कुणाला आडनाव विचारत नव्हतं, उपदेश करत नव्हतं. ज्याला बोलायचं तो बोलायचा, बाकीचे ऐकायचे. मास्तर त्याला एवढंच म्हणाले, "जन्मभराचं सोडा. आज झोपेपर्यंत पिऊ नका."

तसे एकेक दिवस करत उन्हाळा गेला, पाऊसकाळ गेला. एकदा घसरला, रडत परत बैठकीत आला, कुणी हाकललं नाही. हात स्थिर झाले. दसरा झाल्यावर त्यानं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि बायकोलेकीला आणायला मुरुडची गाडी धरली.

सासूनं, केवळाबाईंनी, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि त्या आत गेल्या. दीपमाला दारातच उभी राहिली. सृष्टी बाहेर आली. उंच झाली होती. सुदर्शननं हात पसरले. ती सरळ त्याच्याजवळ आली, टाचा उचलून त्याच्या तोंडाशी नाक नेलं, एक श्वास ओढला. मग आईकडं वळून म्हणाली, "न्हाई गं मम्मी." आणि खेळायला निघून गेली.

सुदर्शनचे हात तसेच राहिले.

नांदेडला तो घरी आला की ती अशीच दाराशी पळत येऊन त्याला बिलगायची. दुकानात तो सगळ्यांना सांगायचा, माझ्या पोरीला माझ्यावाचून करमत न्हाई.

"मीच पाठवायची तिला," दीपमाला म्हणाली. ती त्याच्याकडं पाहत नव्हती. "वास आला की ती मान हलवायची. मग आम्ही मागल्या दारानं शेजारच्या ज्योत्स्नाताईंकडं जायचो. लहान होती हो. पर तिला सांगावं लागलं न्हाई कधी दुसऱ्यांदा."

तो म्हणाला, "आता सुटली दीपा."

"ठाऊक हाय. शरणप्पाकाका फोन करतेत. मला लई बरं वाटलं, खरंच."

"मग चल ना घरी."

"मघाशी अंगणात तुमच्या चपलांचा आवाज आला. तुम्ही प्यालेले नसणार, हे मला ठाऊक होतं. तरी माझं पाऊल आधी मागल्या दाराकडं वळलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुम्ही सुधरलात. मी न्हाई अजून. अन् जन्मभर असं कान देऊन बसायचं बळ न्हाई माझ्यात. लेकीला भेटायला या. मी न्हाई म्हणणार न्हाई."

तिच्या आवाजात राग नव्हता. सुदर्शन चपला घालून स्टँडकडं निघाला.

लातूरच्या स्टँडवर गाडी बदलायला उतरला तर समोरच देशीचं दुकान. पाय आपोआप तिकडं वळले. अर्ध्या वाटेत थांबून त्यानं शरणप्पाला फोन लावला आणि समोर देशीचं दुकान आहे, एवढंच सांगितलं.

"कुठं हायस?" शरणप्पानं विचारलं. "लातूरला? स्टँडात जाऊन बस. उठू नको. माणूस पाठवतो."

थोड्या वेळानं संगप्पा नावाचा एक गृहस्थ स्कूटरवर आला. त्यानं काही विचारलं नाही. चहा पाजला आणि लातूरच्या बैठकीत घेऊन गेला. तिथं सगळे अनोळखी. सुदर्शन उभा राहिला. "माझं नाव सुदर्शन. मी दारुडा हाय. माझ्या लेकीनं आज..." एवढं बोलून तो खाली बसला आणि हमसून हमसून रडला. शेजारच्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो बैठक संपेपर्यंत काढला नाही.

त्या दिवशी तो प्यायला नाही. दीपमाला परत आली नाही, त्या दिवाळीला नाही आणि पुढच्याही नाही. सुदर्शन महिन्यातून एकदा मुरुडला जातो. बापलेक रसवंतीवर बसतात, ती शाळेतलं थोडं थोडं सांगते. घरी चल, असं तो आता म्हणत नाही. मग ती त्याला गाडीपर्यंत सोडायला येते. तो खिडकीत बसून हात हलवतो. ती एकदा हात हलवते आणि गाडी सुटायच्या आधीच घराकडं वळते.